आठ गाठींची गादी

३ फेब्रुवारी

आज झोपेच्या वर्गात नाव घातलं. छप्पन्नाव्या वर्षी झोप शिकायला जायचं म्हणजे हद्द झाली. दुखण्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. "गोळ्या आता वाढवायच्या नाहीत. सहा आठवडे या वर्गाला जा," म्हणाले आणि सांगता सांगता स्वतःच दोनदा जांभई दिली. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

वर्ग म्हणजे इस्पितळाच्या तळमजल्यावरची एक खोली, भिंतीवर ढगाचं चित्र आणि आठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या. ज्यांची हाडं दुखतात त्यांना बसायला प्लॅस्टिक! मी तीस वर्षं सोफे भरते. खुर्ची बघितली की बसणाऱ्याचं काय होणार ते मला कळतं. शिकवणारी बाई तिशीची असेल. साय लावल्यासारखा आवाज, पायात मऊ बूट. मी तिचं नाव झोपबाई ठेवलं. सोबतची मंडळीही बघण्यासारखी. एक निवृत्त हेडमास्तर, त्यांचे गुडघे गेलेत. एक बँकेतली बाई, तिची मान. मी मनात त्यांना गुडघे आणि मान असंच म्हणते. मी कंबर. तीन वर्षांपूर्वी तीन माणसांचा सोफा जिन्यावरून उतरवताना खालचा हमाल शिंकला आणि सगळं वजन माझ्या डाव्या खुब्यावर आलं. सोफा अजून उत्तम आहे, असं गिऱ्हाईक सांगतं.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. माझ्या हत्तीने येऊन बसकण मारलीय. मुंगीचा पत्ता नाही.

झोपबाईने प्रत्येकाला एक तक्ता दिला. रोज सकाळी भरायचा. कधी आडवे झालात, कितीदा उठलात, किती वाजता, दुखण्याला दहापैकी किती गुण. मला शाळेत कधी गुण मिळाले नाहीत, आता दुखण्याला मिळणार. तक्त्यात मत लिहायला जागा नाही म्हणून ही वही काढली. मतं माझ्याकडे भरपूर आहेत.

५ फेब्रुवारी

काल वर्गात नियम आले. साडेदहाच्या आधी पलंगाला पाठ लावायची नाही. साडेचारला उठायचंच, मग डोळ्याला डोळा लागलेला असो वा नसो. पलंगावर फक्त झोपायचं, तळमळत पडायचं नाही. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. दुपारनंतर चहा बंद. आणि सगळ्यात थोर नियम म्हणजे झोपायच्या खोलीतलं घड्याळ बाहेर काढायचं. बघितलं की जीव घाबरतो म्हणे.

मी विचारलं, "घड्याळ नाही तर तक्त्यात वेळ कुठून लिहायची?"

"अंदाजे लिहा हो. अंदाज पुरतो."

अंदाज पुरतो! अंदाजाने कापड कापलं की सोफ्याची पाठ उघडी पडते. अंदाजे हा शब्द आमच्या कारखान्यात शिवी आहे. मी आयुष्यात अंदाजे काही केलं नाही, एक लग्न सोडून.

पण उपाय घरातच निघाला. घरात दुसरा माणूस एकच, माझा नवरा. शहरातली बस चालवतात म्हणून वहीत त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणते. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे ते वर्षातून चारदा ऐकवतात. अजून दोन वर्षांनी निष्कलंक निवृत्त व्हायचं, पूर्ण पेन्शन घ्यायची, एवढी एकच महत्त्वाकांक्षा. त्यांच्या मनगटाला अंधारात चमकणारं घड्याळ असतं, झोपतानाही काढत नाहीत. आज पहाटे चहाच्या वेळी विचारलं, "मी रात्री कधी उठले हो?"

कपातून मान वर न काढता म्हणाले, "बारा पन्नास, दोन दहा, तीन पंचवीस."

घ्या. नियमही मोडला नाही आणि आकडेही पक्के. माझी बोटं पहाटे आखडलेली असतात म्हणून तक्ताही त्यांच्याकडूनच भरून घेतला. तीस वर्षांच्या संसारात या माणसाचा एक उपयोग सापडला.

८ फेब्रुवारी

चार रात्री झोपबाईच्या नियमाने उठतेय आणि बसतेय. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून भिंतीचे पोपडे मोजणं याला उपचार म्हणतात. परत येऊन पडायचं म्हणजे आधी डाव्या कोपरावर भार, मग गुडघा, मग एक हुंकार, मग खुबा. पाच मिनिटं जातात. शेजारी ड्रायव्हरसाहेब लाकडाच्या ओंडक्यासारखे पडलेले. मी पडले की एकदा भिंतीकडे वळतात, बस्स. नऊला जेवण झालं की आडवे, साडेचारला गजर. देवाने माझ्या वाटणीची झोपसुद्धा त्यांच्याच ताटात वाढलीय.

आज रात्रीच्या जेवणाला घास हातात धरूनच डुलकी लागली त्यांना. घास परत ताटात पडला. मी म्हटलं, "अहो, निदान गिळून तरी झोपा." हसले. या माणसाला लाज नाही आणि निद्रानाशही नाही. दोन्हीपैकी एक असायला हरकत नव्हती.

१० फेब्रुवारी

वर्गात मी स्पष्ट सांगितलं की तुमचे नियम राहू द्या, दोष गादीत आहे. तीन वर्षांत मी घरची गादी सहा वेळा उसवून भरली. काथ्या घातला, कापूस घातला, बाजारचा फोमही घातला. फोम म्हणजे शिळा पाव, पहिल्या दिवशी फुगतो आणि महिन्यात खड्डा.

झोपबाई म्हणाली, "गादी ठीकच हवी, पण सहा गाद्या बदलून झोप आली नाही, तर गादीपलीकडेही बघायला हवं ना?"

गुडघ्यांनी लगेच संधी साधली. "झोप येईना, गादी वाकडी!"

सगळे हसले. मानेला हसताना दुखलं, बरं झालं.

मी ठरवलं, आता सातवी आणि शेवटची. आठ गाठींचं काम करायचं. आमच्या धंद्यात हे काम येणारी मी आणि मालक अशी दोनच माणसं उरलीत, आणि मालकांना दिसत नाही. लाकडी चौकटीत एकशे ऐंशी स्प्रिंगा उभ्या करायच्या आणि प्रत्येक स्प्रिंग मेण लावलेल्या सुतळीने चारी बाजूंना आणि चारी कोपऱ्यांना बांधायची. आठ गाठी. मग एकही स्प्रिंग एकटी दबत नाही. इथे भार पडला की तो पसरत पसरत पलीकडच्या काठापर्यंत जातो. बसणाऱ्याला वाटतं, पाण्यावर बसलोय. असं काम केलेला सोफा मी अजून परत आलेला बघितला नाही.

ड्रायव्हरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "एवढी मेहनत कशाला? तोवर मी काही दिवस बाहेरच्या खोलीत खाटेवर झोपू का? तुला ऐसपैस जागा होईल."

"माझ्या आईने बाबांची गादी अशीच काही दिवसांसाठी बाहेर टाकली होती," मी म्हटलं. "बाबा गेले तरी गादी बाहेरच होती. नको वाटत असेन तर तोंडाने सांगा."

"तसं नाही गं," एवढंच म्हणाले आणि मनगटावरचं घड्याळ चोळत बसले. कोणी आपल्या सोयीचं बोलतो तेव्हा 'तुझ्यासाठी' म्हणून बोलतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

१५ फेब्रुवारी

गादी झाली! चार दिवस कामाचे तास संपल्यावर कारखान्यात बसून बांधली. चौदाशे चाळीस गाठी, एकही सैल नाही. वर काथ्या, त्यावर कापूस, त्यावर जाड कापड, दाभणाने ओढून टाके. मालकांनी हात फिरवून बघितली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोतीबिंदू असेल.

कंबर मात्र कामातून गेली. चालताना डावा पाय मागून ओढत आणावा लागतो. झोपबाई म्हणतेच, "बरं वाटलं की चार दिवसांचं काम एका दिवसात उरकू नका, मग आठवडा आडवं पडावं लागतं." तिला काय जातंय. तिने आयुष्यात वजनदार असं काही उचललं असेल तर ते ढगाचं चित्र.

१६ फेब्रुवारी

पहिली रात्र. दुखणं आठ. पण गादीचा दोष नाही, ते काल उचललेल्या चौकटीचं दुखणं.

ड्रायव्हरसाहेबांना विचारलं, "कशी आहे?"

"छान आहे." मग कप खाली ठेवून, "जरा हलते का गं?"

हलते! चौदाशे चाळीस गाठींची गादी हलते! मी म्हटलं, "तुम्हाला बसच्या सीटवर झोपायची सवय. चांगल्या वस्तूची पारख गाढवाला काय?" त्यांनी निमूटपणे तक्ता ओढला आणि लिहिलं: अकरा पंचवीस, बारा पंचावन्न, दोन वीस, तीन चाळीस. लिहिताना पेनच घसरलं आणि शेवटचा आकडा कागदाबाहेर गेला.

१७ फेब्रुवारी

झोपबाईने आज जोडीदारांना बोलावलं होतं. ड्रायव्हरसाहेब ड्यूटी संपवून खाकीतच आले. खुर्चीवर बसले. झोपबाईने दिवे मंद केले आणि सायीच्या आवाजात सांगायला लागली, पायाचे अंगठे सैल सोडा, पोटऱ्या सैल सोडा. मांड्यांपर्यंत पोचायच्या आत आमचे साहेब घोरत होते! अख्खा वर्ग तोंडावर हात ठेवून हसला. गुडघे म्हणाले, "वहिनी, यांनाच मास्तर करा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिमटा काढून उठवलं.

हसली नाही ती एकटी झोपबाई. दिवे लावून तिने त्यांना विचारलं, "तुमची झोप कशी आहे?"

"मला काही नाही. पडलो की लागते."

"किती तास?"

"सात-आठ." माझ्याकडे बघून म्हणाले, "साडेसात."

तिने माझा तक्ता हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. "हे अक्षर कोणाचं?"

मी अभिमानाने सांगितलं, "यांचं. अंदाजे एकही आकडा नाही त्यात."

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात ड्रायव्हरसाहेब उठले आणि म्हणाले, मला उशीर होतोय. कशाला उशीर, ड्यूटी तर संपली होती. जाताना दार समजून कपाट उघडलं. पुन्हा हशा.

झोपबाई मला दारापर्यंत सोडायला आली. "त्यांनाही एकदा डॉक्टरांकडे न्या," म्हणाली. घ्या, आता घोरण्यावरही वर्ग काढतील.

२० फेब्रुवारी

नणंदबाईंचा फोन. "वहिनी, परवा दादाला डेपोपाशी बघितलं. डोळ्यांखाली केवढं काळं! खातो ना नीट?"

मी म्हटलं, "खातात, पितात, झोपतात. विशेषतः तिसरं." नणंदांना भावाच्या डोळ्यांखालचं दिसतं, वहिनीच्या कंबरेखालचं दिसत नाही.

ड्रायव्हरसाहेबांनी आज चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि ते तसंच प्यायले. मी विचारलं तर म्हणाले, "लक्षात नाही आलं." म्हातारपण लागलं.

२३ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. काल रात्री मी सलग साडेचार तास झोपले. तीन वर्षांत पहिल्यांदा. दुखणं सहावर आलं. पहाटे उठले तेव्हा खोली धुऊन पुसून ठेवल्यासारखी वाटली. दोन मिनिटं मला कोणाचाच राग आला नाही.

साहेबांनी आकडे दिले. "एकदाच उठलीस, अकरा पस्तीसला. नंतर शांत होतीस. तीनच्या सुमाराला कण्हलीस जरा, पण जागी नव्हतीस."

बघा, झोपेतसुद्धा पहारा देतात. यश अर्थात गादीचं. झोपबाईला मात्र वाटणार नियमांनी झालं. आयत्या बिळावर नागोबा.

२६ फेब्रुवारी

ड्रायव्हरसाहेबांनी गाडी ठोकली.

सकाळी सव्वानऊला शेवटच्या थांब्यावर माणसं उतरवून गाडी वळवताना सरळ निवाऱ्याच्या खांबावर घातली. गाडीत फक्त कंडक्टर होता, त्याच्या भुवईला चार टाके पडले. निवाऱ्यातून एक शाळकरी मुलगी नुकतीच उठून गेली होती. बाक चेपला.

दुपारी घरी आले, बूट काढले आणि बुटांकडे बघत बसले. मी विचारलं, "झालं काय?" म्हणाले, "चुकलं." सव्वीस वर्षांचा अभिमान आणि एका खांबाने होत्याचं नव्हतं. मला राग आला, फार राग आला. एवढं एकच काम या माणसाला नीट येत होतं.

२७ फेब्रुवारी

कंडक्टर घरी आला होता. कपाळाला पट्टी. ड्रायव्हरसाहेब डेपोत सही करायला गेले होते, हे बघूनच आला असावा. खुर्चीच्या टोकावर बसला.

"काकू, काकांना जरा समजवा. त्यांनी जबाबात काय लिहून दिलंय माहितीये? रात्रभर पत्ते खेळत बसलो होतो, म्हणून डोळा लागला."

"पत्ते?"

"हो. चार तारखेला चौकशी आहे. पत्ते खेळून ड्यूटीवर आला म्हटल्यावर काढूनच टाकतील, काकू. पेन्शनही अडकेल. आजारपण असलं, काही अडचण असली, तर नुसतं स्टिअरिंगवरून उतरवून दुसरं काम देतात. मी म्हटलं खरं ते सांगा. तर माझ्यावरच ओरडले. कधी आवाज चढवला नाही त्यांनी माझ्यावर."

"कुठे खेळले पत्ते? नऊला घोरत पडतात."

कंडक्टर म्हणाला, "घोरत? काकू, गेला महिनाभर प्रत्येक फेरीच्या शेवटी पाच मिनिटं स्टिअरिंगवर डोकं टेकतात ते. मीच हाक मारून उठवतो. त्या दिवशी मी पैसे मोजत होतो."

तो गेला. मला आधी हसूच आलं. ज्या माणसाला इस्पिक आणि किलवर यांतला फरक कळत नाही, तो म्हणे रात्रभर पत्ते खेळला! खोटंही धड बोलता येत नाही. पण मग खोटं बोलायचं कशाला?

२८ फेब्रुवारी

वर्गाची वेळ झाली म्हणून पिशवीत तक्ता टाकायला काढला. चार कागद, त्यांच्या अक्षरात. बारा पन्नास. दोन दहा. तीन पंचवीस. मी खुर्चीवर बसले आणि वरून खालपर्यंत सगळं वाचलं. मी कधी उठले, कधी परत आले, कधी कण्हले.

झोपलेल्या माणसाला हे कसं कळेल?

एवढा साधा प्रश्न. शाळेतल्या पोराला पडला असता. झोपबाईला तर केव्हाच, सतरा तारखेलाच पडला होता. मला पडला नाही. एक सूत इकडेतिकडे झालं तर कापड फेकून देणारी मी, आणि रोज पहाटे समोर बसून त्या माणसाला विचारत होते, सांगा हो, मी कधी उठले.

वर्गाला गेले नाही. झोपायच्या खोलीत गेले आणि पलंगाच्या त्यांच्या बाजूला आडवी झाले. तीस वर्षांत त्या बाजूला कधी पडले नव्हते. उशीला मधोमध खळगा नाही. झोपलेल्या डोक्याची उशी मी ओळखते, ही नुसती टेकलेल्या डोक्याची.

मग शेजारणीला हाक मारली. भरल्या अंगाची आहे, साधारण माझ्याच वजनाची. म्हटलं, "बाई, माझ्या बाजूला पड आणि मी कशी उठते तशी ऊठ. आधी कोपर, मग गुडघा, मग खुबा." तिला वाटलं माझं डोकं फिरलं, पण पडली. तिने कोपर टेकलं आणि माझ्या खांद्याखालची गादी वर आली. गुडघा टेकला, माझी पाठ उचलली गेली. ती उठून उभी राहिली तेव्हा मी पलंगावरून अर्धी भिंतीवर आदळले.

आठ गाठी. एकही स्प्रिंग एकटी दबत नाही. काय सुंदर काम केलं होतं मी! माझं एकेक दुखणं जसंच्या तसं पलीकडे पोचवायची सोय करून ठेवली होती. आणि ते विचारत होते, जरा हलते का गं.

शेजारीण म्हणाली, "गादी झकास आहे हो." तिला हाकलून दिलं.

गाढव म्हटलं होतं मी त्यांना. आज गाढव कोण ते लिहायची गरज नाही.

२ मार्च

गादी कापली. कात्रीने सुतळी आणि करवतीने चौकट, बरोबर मधोमध, टेप लावून. चौदाशे चाळीस गाठी बांधायला चार दिवस लागले, कापायला दोन तास. त्यांची गादी ओढत बाहेरच्या खोलीत नेली. अर्ध्या वाटेवर थांबले, उरलेली वाट अर्ध्या तासाने. झोपबाईचं ऐकून नाही, पाठच उचलेना.

हे घरी आले. दोन खोल्यांत दोन गाद्या बघून दारातच उभे राहिले. हातातली पिशवी खाली ठेवली नाही.

"मला बाहेर काढलंस?"

"झोपायला काढलंय."

"लोक काय म्हणतील?"

"लोक रात्री झोपतात. त्यांना कळायचं नाही."

पत्त्यांचं मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. रात्री दोघंही आपापल्या खोलीत जागेच होतो बहुधा. महिनाभराची सवय एका रात्रीत जात नाही, हे मला तरी झोपबाईने शिकवायला नको.

४ मार्च

आज डेपोत चौकशी होती. ह्यांना सांगितलं, मी कारखान्यात चाललेय, आणि पुढच्या बसने डेपोत गेले.

चौकशीची खोली म्हणजे लांब टेबल, तीन साहेब आणि फिरणाऱ्या खुर्च्या. खुर्च्यांचा फोम बसलेला, मधल्या साहेबाची तर चौकट टोचत असणार, सारखा कुल्ला बदलत होता. हे समोर उभे, टोपी हातात. मी शिपायाच्या बाजूने आत शिरले.

मधला साहेब म्हणाला, "बाई, इथे येता येत नाही. तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "मी यांची झोपमोड."

ह्यांचं तोंड पांढरं पडलं. "अगं, घरी जा," म्हणाले, हळूच.

मी टेबलावर चारही कागद पसरले. इस्पितळाचा शिक्का दाखवला, माझं दुखणं सांगितलं, आणि आकडे वाचून दाखवले. "अक्षर यांचं आहे, जबाबाशी ताडून बघा. रात्री एकला, दोनला, साडेतीनला हा माणूस जागा होता, कारण मी जागी होते. महिनाभर. यांना पत्ते पिसतासुद्धा येत नाहीत. हवं तर आत्ता इथे पत्त्यांचा जोड मागवा आणि पिसायला लावा."

उजवीकडचा साहेब खोकल्याआड हसला. मधला हसला नाही. त्याने विचारलं, "मग हे आधी का नाही सांगितलं? झोप झाली नसताना गाडी काढलीत, तो गुन्हा नाही का? थांब्यावर ती मुलगी असती तर?"

हे म्हणाले, "चूक माझी आहे, साहेब." मी म्हटलं, "निम्मी."

तासाभराने निर्णय सांगितला. पत्त्यांचा जबाब रद्द. महिनाभर सक्तीची रजा, मग डॉक्टरांची तपासणी. स्टिअरिंग परत मिळेल की प्रवाशांच्या चौकशीच्या खिडकीवर बसवतील, ते तेव्हा ठरणार. पेन्शन राहिली. पण नोंदवहीत अपघात चढला, आणि तो आता पुसला जायचा नाही.

बाहेर आल्यावर हे पुढे पुढे चालायला लागले. मी पाय ओढत मागे. फाटकापाशी थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "तुला कोणी बोलावलं होतं? आता सगळ्या डेपोला कळलं, घरात काय चालतं ते."

"आणि जुगारी म्हटलेलं चाललं असतं?"

"ते माझ्या एकट्यावर राहिलं असतं."

राग आला, रडूही आलं, आणि कंबर तर काय, असतेच. तीन वर्षं मी या माणसाला दगड म्हणत होते.

परतीला ह्यांच्याच मार्गाची बस मिळाली. चालवायला नवीन ड्रायव्हर. हे खिडकीशी बसले, मी शेजारी. प्रत्येक थांब्याला ह्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, जिथे ब्रेक नव्हता तिथे. चौथ्या थांब्यानंतर पाय दाबला गेला नाही. बघितलं तर मान कलली होती. पुढच्या वळणाला डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि सगळं अंग हळूहळू माझ्या डाव्या बाजूवर, नेमकं खुब्यावर. तोंड उघडं, घोरणं सुरू. खरं घोरणं असं असतं होय. मी गेला महिनाभर कशाला घोरणं समजत होते कोण जाणे.

आमचा थांबा आला. मी हलले नाही. थांबा गेला.

खुब्यातून कळ निघाली ती पायाच्या अंगठ्यापर्यंत. एरवी मी कोपर टेकलं असतं, कूस बदलली असती, कण्हले असते. ओठ दाबून बसले. दुखण्याला मनात म्हटलं, थांब जरा, माणूस झोपलाय.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली. खिडकीतून चेपलेला बाक दिसत होता, कोणीतरी त्याला दोरी बांधून ठेवली होती. नवीन ड्रायव्हर उठून आमच्याकडे आला.

"काकू, उतरा. शेवटचा थांबा." मग त्याने ह्यांना ओळखलं. "अरे, काका! उठवू का?"

"हात लावून तर बघ."

"पण मला गाडी परत न्यायचीय."

"मग ने की. तुझं काम गाडी हाकायचं आहे, माणसं उठवायचं नाही. आणि वळणावर सावकाश घे."

तो डोकं खाजवत गेला. मी त्या गाडीच्या कंडक्टरला खुणेने बोलावून आणखी दोन तिकिटं काढली. गाडी वळली, अगदी सावकाश. अर्ध्या वाटेवर ह्यांनी डोळे उघडले, खिडकीबाहेर बघितलं आणि गडबडून म्हणाले, "अगं, आपला थांबा गेला का?"

"नाही," मी म्हटलं. "यायचाय अजून."